आत्याने बेतलेला पक्षी

आत्याला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नसत, खांद्याने राहत. रस्त्यात कुणी थांबून "ओळखलंत का?" म्हणालं की ती एक पाऊल मागे सरायची, मान तिरकी करायची आणि सांगायची, "उजवा खांदा उतरता, पाठीत पोक, बाही अर्धं बोट आखूड लागते. कॉलेजात शिकवता ना तुम्ही?" समोरचा खूश व्हायचा की खट्टू, ते त्याच्या पोकावर अवलंबून.

मुळात ती दुकानमालकाच्या मुलांची आत्या. ती मुलं शिकून-सवरून लांब निघून गेली, आणि आत्या सगळ्यांची होऊन दुकानातच राहिली. पोस्टमनची आत्या, खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याची आत्या, आपल्या लग्नाचा कोट इथे शिवलेल्या प्रत्येकाची आत्या. मालक तिचा धाकटा भाऊ. त्याची पन्नाशी उलटली होती, त्याच्या आधी त्याचं पोट खोलीत शिरत असे, तरी तिच्या लेखी तो छोट्याच.

दुकान तिसऱ्या मजल्यावर, एका लांबलचक खोलीत. खिडकीपाशी कापड बेतायचं टेबल, आणि त्या टेबलाशी, परकरात होती तेव्हापासून, उभी आत्या. भिंतीवर खिळ्यांची रांग आणि खिळ्यांना टांगलेले कागदी खाके: कॉलरचे, बाह्यांचे, खिशांचे. कोपऱ्यात वहिनी, म्हणजे छोट्याची बायको, काजं-बटणं करायची. तिच्या ओठांत सदा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे ओठाला ओठ लागेल असं अक्षर ती उच्चारतच नसे. "ताई, चहा घेणार?" असं दिवसातून चारदा विचारायची, "पाणी पिणार?" असं तिने आजवर विचारलेलं नाही. आणि मशीनवर बसायचा तो एक्सप्रेस. त्याचं खरं नाव विसरायला लोकांना फार दिवस लागले नाहीत. मशीन चालू असेपर्यंत एक्सप्रेस बोलायचा, पाय थांबला की तोंडही थांबायचं. कॉलर शिवताना छोटी वाक्यं, पॅन्टची लांब शिवण घातली की त्याच्या सासऱ्याची अख्खी कहाणी.

तर अशा या सुखी संसारात तो काळा कोट आला.

मोठ्या हॉटेलच्या दारवानाचा कोट होता तो. आत्याने बेतला, एक्सप्रेसने शिवला, दारवान घालून बघायला आला. डावा हात मजेत गेला. उजवा हात घातला आणि गडी गोंधळला. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. दार उघडायला त्याने उजवा हात पुढे करून पाहिला, तर कोट त्याचा हात मागे मागे ओढू लागला, जणू आलेल्या पाहुण्याला आल्या पावली परत धाडतोय. एक्सप्रेस हसला. मग आत्याचा चेहरा पाहून त्याने घाईघाईने मशीन सुरू केलं, आणि तोंड मात्र बंद ठेवलं. असं पहिल्यांदाच झालं.

कसं झालं हे आत्याला ठाऊक होतं. गेले काही महिने काळ्या कापडाची सुलट कुठली आणि उलट कुठली, हे तिला डोळ्यांनी कळत नव्हतं. ती अंगठ्याने चाचपून ठरवायची. त्या दिवशी अंगठा चुकला, आणि उजवी बाही उलट बाजूवर कापली जाऊन डावीच निघाली. हे ती कुणाला बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी छोट्याने तिची मोठी कात्री उचलली आणि एक्सप्रेसच्या मशीनजवळच्या खिळ्याला अडकवली. "ताई, डोळे तपासून ये," तो म्हणाला. "तोवर कापड एक्सप्रेस बेतेल."

"आणि डोळे ठीक निघाले तर?"

"तर कात्री तुझीच आहे की."

ठीक नाही निघाले तर कात्री गेली, टेबलही गेलं. आणि त्या टेबलाशिवाय आपण कोण, हे आत्याने कधी शोधलंच नव्हतं.

कात्री गेली तरी बाकीची कामं होतीच. नवं सुती कापड बेतायच्या आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर शिवल्यावर आटतं आणि गिऱ्हाईक बोंब मारतं. एका सकाळी आत्या ओल्या पांढऱ्या कापडाचा गठ्ठा घेऊन गच्चीवर गेली. लांबच्या लांब कापड तिने जमिनीवर अंथरलं, कडांवर विटा ठेवल्या, आणि कंबर धरून उभी राहिली.

तेवढ्यात त्या पांढऱ्यावर सावली आली.

आधी एक टोक, बोटं फाकल्यासारखं. मग रुंद पंख, अंगाशी जरा आवळलेला. मग लांब काढलेली मान आणि तिच्यावर इवलंसं डोकं, एवढ्या मोठ्या अंगाला शोभू नये इतकं लहान. मग दुसरा पंख, आणि मागे लांब शेपटी, टोकाला गोलाई दिलेली. सावली घाईत नव्हती. ती कापडाच्या या काठावरून त्या काठापर्यंत सरकत गेली, जणू कुणीतरी वरून खाका ठेवला, "हे बघ, असं असतं," म्हणालं, आणि उचलून घेतला.

आत्याने वर पाहिलं तर पक्षी सूर्याच्या बाजूला गेलेला, गोल फिरत वर चढणारा. पंख एकदाही हलला नाही. एवढं मोठं अंग वळत होतं आणि कुठे चुणी नाही, ओढ नाही, झोळ नाही. असं बसलेलं वस्त्र आत्याने जन्मात शिवलं नव्हतं. पोटाखाली फिकट, जवळजवळ पांढरा, एवढंच तिला दिसलं. विटा सरळ करायच्या आहेत हे विसरून तो ठिपका होईपर्यंत ती पाहत राहिली, आणि ठिपका संपल्यावरही.

मग जिना उतरून ती तडक खोलीत आली. मोठी कात्री परक्या खिळ्यावर होती, म्हणून वहिनीची काज कापायची कात्री घेतली, जाड कागद मधोमध दुमडला आणि घडीवर अर्धा पक्षी कापला. आत्या आयुष्यभर प्रत्येक गोष्ट अर्धीच कापत आली होती. उरलेली अर्धी घडी देते. कागद उघडला तेव्हा टेबलावर अख्खा पक्षी होता.

"घार आहे," छोट्या म्हणाला.

आत्या म्हणाली की घारीची शेपटी मधोमध खाचलेली असते, ही गोल आहे. छोट्याचं म्हणणं पडलं की मग म्हातारी घार असेल, झिजली असेल शेपटी. वहिनीने टाचण्यांमधून "ताई, चहा घेणार?" विचारलं. एक्सप्रेसने एका कॉलरभर मत दिलं की गिधाड, आणि शिवण संपल्यामुळे कारण दिलं नाही. आत्याने तो कागद खाक्यांच्या रांगेत टांगून टाकला.

पक्षी परत आला. दोन दिवसांनी आत्या धावत खाली आली ती सांगत, की तोच, तोच होता, पण आज काळपट. आणखी दोन दिवसांनी पुन्हा तोच, आणि आज म्हणे पोटावर आडव्या पट्ट्या. पहिल्या वेळी छोट्या हसला होता. दुसऱ्या वेळी त्याने "उद्या हिरवा येईल" म्हणून टोमणा मारला. तिसऱ्या वेळी मात्र तो हसलाही नाही आणि चिडलाही नाही. टेप गळ्यातून काढून त्याने हलकेच टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, उद्या आपण चष्मेवाल्याकडे जाऊ या."

छोट्या ओरडला की सगळं ठीक असतं. तो मऊ बोलला म्हणजे कुणीतरी आजारी आहे.

चष्मेवाल्याचं दुकान त्याच इमारतीत, तळमजल्यावर. माणूस उमदा, पण वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारून त्याच्या जिभेला त्याचा साचा बसलेला. "हे बरं, की ते बरं?" घरी भाजीवरही तो बायकोला हेच विचारतो असं लोक सांगत. त्याने आत्याला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर लोखंडी चौकट चढवली, एकामागून एक काचा टाकल्या. हे बरं? की ते बरं? आता? की मघाशी? उजव्या डोळ्याने आत्याने शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली. डाव्या डोळ्याला सगळ्यात वरचं ताटाएवढं अक्षरही पुसट. त्याने बॅटरी मारून आत डोकावलं आणि सांगितलं की डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, चांगला वाढलाय, डॉक्टरांना दाखवून काढून टाकायला हवा. साधं काम आहे.

"तुमची बॅटरी जुनी झालीय," आत्या म्हणाली.

मग तिला त्याच्या मागे खुंटीला टांगलेली दुर्बीण दिसली. चष्मेवाला सुट्टीच्या दिवशी पक्षी बघत हिंडतो हे तिने ऐकलेलं होतं. तिने पक्ष्याबद्दल विचारलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की छोट्याला आपण कशाला आलोय तेच कळेना. कपाटातून जाडजूड पुस्तक निघालं. रंग कोणता? आत्याने सांगितला. म्हणजे सांगितले. फिकट, मग काळा, मग पट्ट्यांचा. चष्मेवाल्याचं बोट पानांवर अडखळू लागलं. फिकट असेल तर हा गरुड. काळा असेल तर तो. पट्ट्यांचा, तर मग हा ससाणा. "हा बरा, की तो बरा?" पण चित्रांतले सगळे पक्षी फांदीवर ऐटीत बसलेले, आणि आत्याने तर बसलेला पाहिलाच नव्हता.

"तीन वेगवेगळे असतील," तो म्हणाला. आणि मग अगदी प्रेमाने म्हणाला, "किंवा आत्या, मोतीबिंदूत रंग नीट कळत नाहीत हो. साधी घारच निरनिराळी दिसत असेल."

छोट्याने नुसती मान हलवली. आत्या जिने चढून वर आली, आणि डॉक्टरकडे जाणार नाही म्हणजे नाही, असं तिने भिंतीला तोंड करून सांगितलं. तिचा हिशेब सरळ होता. मोतीबिंदू कबूल केला की पक्षी खोटा ठरत होता. आणि पक्षी खोटा ठरला की तिचा डोळा, तिचा हात, दोन बाह्यांपलीकडे आयुष्यभर बेतलेलं सगळंच संशयात येत होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे, रात्री अंथरुणावर पडल्यावर तिलाही वाटू लागलं की ती घारच होती.

पुढे जे झालं त्याचं श्रेय एक्सप्रेसच्या घाईला. एका पाळणाघरासाठी मुलांचे ॲप्रन शिवायचे होते. प्रत्येकाच्या छातीवर कापडाचं एक चित्र: बदक, मासा, चंद्र. छोट्याने सांगितलं की चित्रांचे खाके खिळ्याला आहेत, उरलेल्या तुकड्यांतून काप. एक्सप्रेसने खिळ्याला हात घातला, जे हाताला आलं ते घेतलं, आणि भराभर कात्री चालवली. जेवून आत्या परतली तेव्हा टेबलावर बदकं होती, मासे होते, चंद्र होते, आणि त्यांच्या मधोमध तीन पक्षी. एक पांढऱ्या अस्तराचा. एक दारवानाच्या कोटातून उरलेल्या काळ्या कापडाचा. एक पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टिंगचा.

"हा कोण?" वहिनीने टाचण्यांतून विचारलं.

एक्सप्रेसने मशीनवर पाय ठेवून खुलासा करायला सुरुवात केली, की मला वाटलं चौथं चित्र आहे, विमान असेल, मुलांना विमान आवडतं. आत्याच्या तोंडाशी चांगल्या खरमरीत शिव्या आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. ती एक पाऊल मागे सरली. मान तिरकी केली.

एकाच खाक्यावरून दारवानाचा काळा कोट निघतो, आचाऱ्याचा पांढरा निघतो, बँडवाल्याचा पट्ट्यांचा निघतो. तिने स्वतःच काढले होते. ते तिघे रस्त्यातून एका ओळीत चालले तर लोकांना तीन कोट दिसतील. तिला एकच दिसला असता.

"कापड बदललंय रे," ती म्हणाली. "बेत एकच आहे."

तिने तिन्ही पक्षी उचलले आणि या वयात जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली. चष्मेवाल्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक एका डोळ्यावर काच लावून बसलं होतं, ते तसंच बसून राहिलं. आत्याने काउंटरवर तिन्ही पक्षी मांडले. रंग बघू नका, डोकं बघा, मान बघा, शेपटी बघा, असं तिने बजावलं. चष्मेवाल्याने बघितलं. मग त्याने पुस्तक घेतलं आणि शेवटाकडचं एक पान उघडलं, जिथे पक्षी बसलेले नव्हते, खालून पाहिल्यासारखे उडत होते. पानभर पक्षी. पांढरे, तांबूस, काळे, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे, एकासारखा दुसरा नाही. आणि त्या सगळ्यांखाली नाव एकच. मधुबाज.

"एवढे वेगळे पक्षी एका पानावर कोंबलेत, म्हणून दर वेळी हे पान मी उलटून पुढे जायचो," तो ओशाळून हसत म्हणाला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या जातीत एकेका पक्ष्याचा रंग वेगळा, त्यामुळे रंगावर विसंबू नये. लहान डोकं, लांब मान आणि लांब शेपटी यावरून ओळखावा. तो मधमाश्यांची पोळी फोडतो आणि आतल्या अळ्या खातो.

दोघांनी एकदमच दाराबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे पाण्याची उंच टाकी होती, आणि टाकीच्या पोटाखाली, लोखंडी तुळयांना, काळ्या शालीसारखी लोंबणारी तीन मोठी पोळी.

दुसऱ्या सकाळी अख्खं दुकान गच्चीवर. चष्मेवाला दुर्बीण घेऊन आला होता. आत्यासाठी खुर्ची घेऊन छोट्या धापा टाकत चढला, आणि मग स्वतःच त्या खुर्चीत बसला. बराच वेळ काहीच झालं नाही. आभाळ रिकामं. एक घार आली, तिने आपली खाचलेली शेपटी डावीउजवीकडे पिळून दाखवली आणि गेली. छोट्या वळून आत्याकडे पाहणार इतक्यात आत्याने फक्त बोट वर केलं.

तो उंचावरून, सरळ पसरलेल्या पंखांवर, कसलाही आवाज न करता उतरत आला. आज तांबूस होता. म्हणजे चौथं कापड. टाकीभोवती त्याने एक फेरी घातली आणि खालच्या पोळ्यावर लाट गेल्यासारखी थरथर उमटली. हजारो माश्यांनी एकदम अंग झाडलं होतं. तो थांबला नाही. पाय पुढे काढून तो थेट पोळ्यावर आदळला, पंख फडफडवत तिथेच लटकला, आणि एक मोठा लचका तोडून तुळईवर जाऊन बसला. माश्या उठल्या. आवाज गच्चीपर्यंत ऐकू आला, एक्सप्रेसची दहा मशिनं एकदम सुरू व्हावीत तसा. धुराच्या लोटासारख्या त्या त्याच्या अंगावर, डोक्यावर, डोळ्यांभोवती चिकटल्या. आणि तो त्या धुरात बसून, सावकाश, एकेका घरातली अळी वेचून खात होता. मधूनच डोळे मिटायचा, उघडायचा. जणू अंगावर ऊन पडलंय, बाकी काही नाही.

एक्सप्रेसकडे मशीन नव्हतं, त्यामुळे तो गप्प होता. वहिनीच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, ती हळूच "बाप रे" म्हणाली.

चष्मेवाल्याने कुजबुजत सांगितलं की त्याच्या तोंडावर खवल्यांसारखी बारीक, घट्ट पिसं असतात, नांगी आत शिरत नाही. आणि त्याने दुर्बीण आत्याच्या हातात दिली.

आत्याने ती डोळ्यांना लावली. पक्षी एकदम हाताच्या अंतरावर आला. पिवळा डोळा. चोचीला लागलेलं मेण. पण चित्राच्या एका अंगावर सायीसारखं काहीतरी पसरलेलं होतं. तिने डावा डोळा मिटला, साय गेली. मग डावा उघडून उजवा मिटला. नुसतं धुकं, आणि धुक्यात काहीतरी गडद हलणारं. एवढा राजा समोर बसलाय, आणि आपण त्याला अर्धाच बघतोय. बाकीची अर्धी बाजू द्यायला इथे घडी नव्हती.

"छोट्या," ती दुर्बीण खाली न घेता म्हणाली, "डावा डोळा गेलाय रे माझा. धुकं आहे सगळं."

छोट्या उठून तिच्याजवळ आला. "आणि उजवा?"

"उजव्याने त्याच्या तोंडावरची पिसं दिसतायत. कधी घेऊन जातोस डॉक्टरकडे? मला हा दोन्ही डोळ्यांनी बघायचाय."

छोट्याने टाकीकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "घार नाही ही." छोट्याच्या तोंडून माफी याहून लांब कधी निघाली नव्हती.

डोळ्याचं काम झालं. आत्या डोळ्यावर पट्टी बांधून टेबलाशेजारी बसली आणि एक्सप्रेस कापड बेतताना त्याला एका डोळ्याने छळत राहिली. ॲप्रन पाळणाघरात गेले, त्यांतल्या तिनांवर मधुबाज. तिथल्या बाईंचा निरोप आला की त्या तीन ॲप्रनांवरून रोज भांडणं होतात, तेवढी विमानं आणखी पाठवा. एक्सप्रेसने हा निरोप एका पॅन्टच्या दोन्ही शिवणी होईपर्यंत सगळ्यांना ऐकवला.

पट्टी निघून काही दिवस झाल्यावर आत्या पुन्हा ओलं कापड घेऊन गच्चीवर गेली. पांढरं कापड तिला इतकं पांढरं दिसलं की डोळे दिपले. इतकी वर्षं आपण पिवळट कापडावर काम करत होतो की काय, असं तिला वाटलं. विटा ठेवून ती उभी राहिली आणि तो आला. डोक्यावरून, अगदी खाली उतरून, सावकाश. या वेळी तिने सावलीकडे पाहिलंच नाही. लहान डोकं, लांब मान, पंखांची फाकलेली बोटं, पिसन् पीस सुटं दिसणारं. आणि डाव्या पंखात, टोकापासून थोडं आत, एक फट. एक पीस गळून गेलेलं. त्या फटीतून आभाळाची निळी चीर दिसत होती, आणि तो तसाच, एका बाजूने उणा, न डगमगता वर चढत गेला.

आत्या हसू लागली. इतकं बिनचूक उडणारं अंग, आणि ते घडीवर बेतलेलं नव्हतंच.

खाली येऊन तिने खिळ्यावरून कागदी पक्षी काढला आणि टेबलावर उघडून पसरला. छोट्याने तिच्याकडे पाहिलं, एक्सप्रेसच्या खिळ्यावरून मोठी कात्री काढली आणि मुठीची बाजू पुढे करून तिच्यासमोर धरली. आत्याने ती घेतली, डाव्या पंखात जपून एक बारीक चीर दिली, आणि कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

एक्सप्रेसचं मशीन थांबलं. "आत्या, आता हा घडीवर कसा ठेवायचा?" मशीन बंद असताना विचारलेला हा त्याचा पहिलाच प्रश्न.

"घडीवर नाहीच ठेवायचा," आत्या म्हणाली. "कापड उघडं अंथरायचं, आणि अख्खा बेतायचा."